ताईचं हसू

३ फेब्रुवारी

मेट्रनबाईंनी दुपारच्या पाळीआधी सगळ्या वॉर्डांच्या सिस्टरांना लेक्चरच्या खोलीत बसवलं. नर्सिंग कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या. हास्योपचार म्हणजे तुम्ही काय समजता, पेशंटला त्याचा उपयोग होतो असं वाटतं का, वॉर्डात तो कोणी करावा, असं एकेकीला विचारत होत्या.

अतिदक्षता विभागातली म्हणाली, "आमचे पेशंट मशीनवर असतात. हसले तर मशीनच बोंब मारेल."

माझ्या वॉर्डातली चिमणी, वयाने सगळ्यांत लहान आणि तोंडाने सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "मॅडम, आधी आमच्या रजा मंजूर करा. मग बघा वॉर्ड कसा हसतो."

सगळ्या खिदळल्या. मेट्रनबाई म्हणाल्या, "हसू नका. विषय हास्याचा आहे." मग तर कुणालाच आवरेना.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, हसण्याने दुखणं जात नाही, पण थोडा वेळ विसरायला होतं. मॅडमनी मान डोलावली. बरोबर की चूक, कळलं नाही.

प्रशिक्षणाला कोण जाणार, असं विचारलं तेव्हा मीच हात वर केला. का केला, हे इथे लिहायला हरकत नाही. ताईसाठी केला. भाऊजी जाऊन दोन वर्षं होत आली. ती माझ्याकडे राहायला आल्यापासून मी तिला हसताना पाहिलेलं नाही. लहानपणी चेहरा दगडासारखा ठेवून ती असं काही बोलायची की आईच्या हातातलं भांडं खाली यायचं. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. माझं लग्न जमलं नाही तेव्हाही तीच म्हणाली होती, "बरं झालं, त्याचे कान मला पहिल्यापासून आवडले नव्हते." आता ती दिवसभर खिडकीशी बसून गल्लीतल्यांचे कपडे लहान-मोठे करून देते. विचारलं तेवढंच बोलते.

१९ फेब्रुवारी

प्रशिक्षण संपलं. शिकवणारे एक निवृत्त सर्जन होते. त्यांचा स्वतःचा चेहरा शवागाराच्या दारासारखा. त्यांनी आम्हाला रिकाम्या खोलीत गोल उभं केलं आणि हसायला सांगितलं. येत नसेल तर खोटं हसा, म्हणाले, शरीराला खरं-खोटं कळत नाही. मला पटलं नाही, पण केलं. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी शेजारची एक सिस्टर उचकी लागेपर्यंत हसली आणि तिला बघून मी हसले. माझं ते खरं होतं की खोटं, आता आठवत नाही.

आमचा वॉर्ड पोटाच्या ऑपरेशनांचा. तिथे हसणं म्हणजे टाक्यांशी गाठ. खोकला येणार असेल तर आम्ही पेशंटला उशी पोटाशी घट्ट धरायला लावतो. हसतानाही तेच करायचं ठरवलं. ज्यांचे टाके ताजे आहेत, ज्यांना धाप लागते, ज्यांना हर्निया आहे, त्यांनी नुसतं बघायचं. सुरू करण्याआधी प्रत्येकाची नीट चौकशी. कोण, कसा, काय होतंय, कधीपासून. मेट्रनबाई म्हणाल्या, "तू फार विचार करतेस. म्हणूनच तुला पाठवलं."

ताईला सगळं सांगितलं. ती एका पँटीची शिवण उसवत होती. म्हणाली, "म्हणजे पोट कापायचं, शिवायचं, आणि वर हसवून उसवायचं? आमच्या धंद्यात याला गिऱ्हाईक तोडणं म्हणतात."

मला हसू आलं. तिला नाही.

५ मार्च

ड्रेसिंगं उरकल्यावर पहिला वर्ग घेतला. पेशंट खाटांवर बसून, पोटाशी उशा धरून. वॉर्डातले मामा स्ट्रेचर दारात ठेवून बघत उभे राहिले. म्हणाले, "सिस्टर, इतक्या वर्षांत इथे माणसं रडताना पाहिली, पळून जाताना पाहिली. हे नवीन आहे."

खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर आहेत. आतड्याचं ऑपरेशन. ते म्हणाले, "मी हसणार नाही. पोटाला सोसत नाही आणि स्वभावाला शोभत नाही."

चिमणी म्हणाली, "मास्तर, उशी तरी धरा."

"उशी धरतो. तुमच्या समाधानासाठी."

आणि हजेरीपट धरावा तशी धरून बसले. त्यांच्याकडे बघूनच बाकीचे हसले. माझी गरज पडली नाही.

कोपऱ्यातली बाई रोज सकाळपासून इंजेक्शन मागते. आज जेवणापर्यंत मागितलं नाही. उपयोग झाला की नुसतं लक्ष उडालं? आणि या दोन्हींत फरक काय? कॉलेजच्या मॅडमना विचारायला हवं.

१४ मार्च

आज ताई हसली.

एवढंच लिहून वही मिटणार होते, पण सगळं लिहिते. मी स्वयंपाकघरात वर्गातले प्रकार करून दाखवत होते. हात वर, हो हो. हात खाली, हा हा. रोजच दाखवते आणि ती रोज "वेडी" म्हणून कामाला लागते. आज बघत राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं रडतेय. आणि एकदम हसू फुटलं. मोठ्याने, खांदे गदगदा हलत होते. थांबता थांबेना. मीही हसले. दोघी ओट्याला धरून उभ्या. शेवटी तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पुरे. दमले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ घामाने चिंब होती.

२७ मार्च

मास्तर घरी गेले. जाताना कोट घालून उभे, वरच्या गुंड्या लावलेल्या, आणि पोट येतानापेक्षा मोठं. मी म्हणाले, "मास्तर, आपण तर पोटातलं काढलं होतं." त्यांनी छताकडे बघितलं. म्हणाले, "सवय झाली हो तिची." उशी त्यांनी कोटात घेतली होती. नेऊ दिली.

ताईला सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली. "दिलीस?"

"दिली."

"घरची विचारेल, कुणाच्या डोक्याखालची आणलीत."

आणि खाली मान घालून थोडंसं हसली, नाकातल्या नाकात, आणि पुन्हा कात्री उचलली. इतका चांगला किस्सा, मला वाटलं होतं त्या दिवसासारखी हसेल. जरा निराशा झाली. पण संध्याकाळी मी नळाला पाणी नाही म्हणून सांगितलं तर त्यावर खूप हसली, अगदी धाप लागेपर्यंत. म्हणजे परिणाम उशिरा होत असावा.

९ एप्रिल

ताई आता रोज हसते. कधी मी काही न बोलताही. चहा पिताना हसते आणि ठसका लागतो. आज पातळावर सगळा सांडला. "हसताना पिऊ नकोस" म्हणून रागावले. सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागतो, सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मी पाच-सहा सुया ओवून ठेवते. डोळे तपासायला हवेत. नव्या कवळीने बोलणं जरा जड झालंय, दाताच्या डॉक्टरांना दाखवू. वयाप्रमाणे काही ना काही चालायचंच. मुख्य म्हणजे ती हसते.

चिमणी आली होती. तिचे बाबा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ते सांगत होती. ताई एकदम हसायला लागली. चिमणीचा चेहरा उतरला. "ताई, हसायला काय झालं? माझे बाबा आहेत ते."

ताईने तोंडावर पदर दाबला आणि आत गेली. आतूनही आवाज येत होता.

मी चिमणीला समजावलं. दोन वर्षांचं साठलेलं आहे, बांध फुटला की पाणी वाट बघून वाहत नाही. ती जिन्यात थांबली. "सिस्टर, एकदा कुणाला दाखवा ना त्यांना."

"काय सांगून दाखवू? हसते म्हणून?"

"नाही. असंच आपलं."

चिमणी चांगली आहे, पण अनुभव कमी.

२४ एप्रिल

कॉलेजच्या मॅडम पुन्हा आल्या. तेच प्रश्न पुन्हा. या वेळी मी बरंच बोलले. वॉर्डाबद्दल थोडं आणि ताईबद्दल पुष्कळ. दोन वर्षं मुक्यासारखी राहिलेली बाई आता खळखळून हसते, हे मी दोनदा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "घरच्या माणसावर इतका परिणाम! हे तुम्ही जुलैच्या संमेलनात सांगायलाच हवं. सगळ्या नर्सेस ऐकतील."

घरी येऊन ताईला म्हणाले, "तू प्रसिद्ध होणार." ती काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही. पुन्हा विचारलं तर हात झटकला. "राहू दे," एवढं कळलं.

१३ मे

खालच्या मजल्यावरचे आजोबा गेले. आम्ही दोघी भेटायला गेलो. खोलीत माणसं भिंतीला टेकून बसली होती. आजी मधे. ताई त्यांच्यासमोर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि हसली.

खोलीतला प्रत्येक माणूस आमच्याकडे वळला. ताईने हात सोडला नाही. ती हसतच होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आजी नुसत्या बघत राहिल्या. त्यांची सून म्हणाली, "यांना बाहेर न्या."

जिन्यात ताई पायरीवर बसली, तरी थांबेना. मी तिला दंडाला धरून वर आणलं. "लाज वाटत नाही?" म्हणाले. ज्या ताईने मला वाढवलं तिला म्हणाले. ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती. शब्द एकमेकांना चिकटून बाहेर येत होते. मी ऐकून घेतलं नाही.

१४ मे

सकाळी ती चूळ भरत होती. पाणी ओठांच्या कडेने गळत होतं. ओठ मिटतच नव्हते. मी मोरीच्या दारात उभी होते.

"ताई, जीभ बाहेर काढ."

तिने जितकी निघाली तितकी काढली. कातडीखाली किडे वळवळावेत तशी जीभ आतल्या आत हलत होती.

हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. आजवर कधी पाहिलं नव्हतं.

५ जून

तपासण्या झाल्या. मेंदूविकाराचे डॉक्टर आमच्याच इस्पितळातले. मला खुर्ची दिली, एरवी आम्ही त्यांच्यापुढे उभ्याच असतो. म्हणाले, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत चालल्या आहेत. जिभेपासून सुरू झालंय. मग गिळणं, हात, शेवटी श्वास. औषध म्हणावं असं औषध नाही.

मी विचारलं, "आणि हसणं?"

"तेही त्यातलंच. हसण्या-रडण्याला वरून लगाम असतो, तो सुटतो. माणसाला हसायचं नसतं. हसू येतं. दुःखातही येतं." मग विचारलं, "कधीपासून होतंय?"

"मार्चपासून."

"तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"मी तिच्याबरोबर हसत होते."

डॉक्टरांनी समोरचा कागद सरळ केला. तो सरळच होता. म्हणाले, "लवकर आला असतात तरी फार फरक पडला नसता, सिस्टर."

'फार' हा शब्द त्यांनी का घातला, याचा मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

६ जून

ताईला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मधे तिच्या हातात कुणाचा तरी झगा होता, त्याची दुमड बोटाने दाबत होती. ऐकून झाल्यावर एकेक शब्द ओढत म्हणाली, मी तीनदा विचारल्यावर पुरं कळलं: "मला ठाऊक होतं काहीतरी बिनसलंय. ते हसू माझं नव्हतं. पोटातून कुणी ढकलल्यासारखं यायचं. भीती वाटायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती खूष होतीस गं."

मी उठून ओट्याकडे गेले. नळ सोडला, बंद केला. परत येऊन विचारलं, "सगळंच तसं होतं? एकदाही खरं नव्हतं?"

"सगळं नाही," ती म्हणाली. "मास्तरांच्या उशीचं खरं होतं."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. त्या दिवशी तर ती जेमतेम हसली होती.

११ जुलै

संमेलनाला जायचं नव्हतं. मेट्रनबाई म्हणाल्या, नाव छापलंय. गेले.

मोठं सभागृह, निरनिराळ्या इस्पितळांच्या नर्सेस. हास्योपचार कुणाला देऊ नये, असं मला विचारलं. मी टाके, हर्निया, धाप, सगळं सांगितलं. मग एकीने हात वर केला. "सिस्टर, पेशंट हसला म्हणजे त्याला बरं वाटतंय असं धरायचं का?"

मी म्हणाले, "नाही."

ती पुढचं ऐकायला थांबली. मेट्रनबाईही माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हसणं हे लक्षण आहे. लक्षण बघितलं की नर्सने आधी कारण शोधावं. तिने स्वतः हसू नये." आणि खाली उतरले. टाळ्या वाजल्या की नाही, माहीत नाही.

कॉलेजच्या मॅडम मागून आल्या. ताई कशा आहेत, विचारलं. बऱ्या आहेत, म्हणाले.

वॉर्डातला वर्ग आता चिमणी घेते. त्या वेळी मी औषधांच्या खोलीत जाते आणि दार लावून घेते.

८ ऑगस्ट

मागच्या आठवड्यात ताईच्या पोटात नळी बसवली, माझ्याच वॉर्डात. तोंडाने काही देणं आता धोक्याचं आहे, पाणीसुद्धा फुप्फुसात जातं. मामांनी तिला स्ट्रेचरवरून इतक्या अलगद उचललं की मला त्यांच्याकडे बघवेना. चिमणीने तिची वेणी घातली आणि म्हणाली, "ताई, आता सिस्टरच्या हातच्या चवीचं बंधन नाही. सुटलात." ताईचे डोळे लकाकले. मी चिमणीला बाहेर पाठवलं. पेशंटला उत्तेजित करायचं नाही, एवढं तिला कळायला हवं.

शब्द आता उरलेले नाहीत. हो म्हणायला पापणी, नाही म्हणायला मान. उजवा हात थोडा उचलतो. सुई केव्हाच सुटली. शिवायला आलेले कपडे मी घरोघर परत देऊन आले, काही अर्धे उसवलेले.

बोलण्या-गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला हसण्याचा झटका थांबवायला शिकवलं. हनुवटी छातीकडे न्यायची, जबडा सैल करायचा, कपाळावर गार रुमाल, लांब श्वास सोडायला लावायचं. लक्ष दुसरीकडे वळवायचं. आपण हसायचं नाही, चेहरा कोरा ठेवायचा. हे मला जमतं. घरी आणल्यापासून प्रत्येक झटका मी थांबवला आहे. आता माझ्या हातून काही निसटणार नाही.

२ सप्टेंबर

वॉर्डात एक तरुण बाई आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन. भेटीच्या वेळी तिची बहीण आली होती. दोघी हसत होत्या. हसणं थांबत नव्हतं. मी लांबून बघत होते. मग जवळ जाऊन तिला जीभ बाहेर काढायला सांगितली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, हात दाबायला लावला. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं.

ते आले, तपासलं, मला बाजूला घेतलं.

"सिस्टर, काही नाही. ती नुसती हसतेय."

"कशावरून?"

"बहीण सासूची नक्कल करतेय म्हणून." मग म्हणाले, "तुम्ही थोडे दिवस रजा का घेत नाही?"

रजा घेतली. ताईसाठी घ्यायचीच होती.

तिकडे त्या दोघी गप्प बसल्या होत्या. बहिणीने विचारलं, "आमचं काही चुकलं का?" मी नाही म्हणाले. नंतर त्या खाटेकडून आवाज आला नाही.

२० सप्टेंबर

ताईला अंघोळ घातली. हाडं हाताला लागतात. मी लहान असताना तिने मला अशीच घातली असेल. केस पुसताना तिचं डोकं माझ्या पोटाला टेकलं आणि ती तशीच राहिली. मग गदगदू लागली. चेहरा मला दिसत नव्हता. हसत होती की रडत होती, कळलं नाही. दोन्हींवर उपाय एकच. मी तिचं डोकं माझ्यापासून दूर केलं, हनुवटी खाली केली, श्वास मोजायला लावले.

खालच्या आजी दारात आल्या होत्या. ताईकडे बघून म्हणाल्या, "त्या दिवशी माझा हात हिनेच धरला होता. बाकी कुणी धरला नव्हता." मी त्यांना आजाराचं समजावून सांगितलं, लगाम आणि सगळं. त्या म्हणाल्या, "ते असेल गं. पण धरला होता."

ताईने पापणी मिटली. म्हणजे हो. पण पापणी ती अशीही मिटते.

४ ऑक्टोबर

दुपारी भाज्यांचं अळणी सूप गाळून घेतलं. ताईला टेकवून बसवलं, नळीचं तोंड उघडलं, नरसाळं लावलं. ओतता ओतता सवयीने म्हणाले, "सावकाश हं. नीट चावून खा." वॉर्डात जेवणाच्या वेळी प्रत्येकाला म्हणते तसं.

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा जबडा हलू लागला. हळूहळू, वर-खाली, तोंडात घास असल्यासारखा. हे पूर्वी नव्हतं. थोडा वेळ हलला आणि थांबला. मग तिने उजवा हात उचलला, हल्ली तो फार कष्टाने उचलतो. बोटं चिमटीसारखी जुळली आणि नरसाळ्यावर दोनदा हलली. बोटांना कंप सुटेल, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. या सगळ्यात चेहरा अगदी स्थिर. नजर माझ्यावरून हलली नाही. कशाची तरी वाट बघावी तशी.

मी कोरा चेहरा ठेवला होता.

मग तिला हसू आलं. या वेळी लहानसं.

मी वेळ घालवला नाही. नरसाळं बाजूला ठेवलं, हनुवटी छातीकडे नेली, जबडा धरून सैल केला, कपाळावर गार रुमाल ठेवला. "श्वास सोड, लांब सोड," म्हणत राहिले. ती मान हलवत होती, नाही, नाही. हाताने माझा हात सारायला बघत होती. मी सोडला नाही. लगेच थांबलं. इतकं लवकर आजवर कधी थांबलं नव्हतं.

तिने डोळे मिटून घेतले. उरलेलं सूप दिलं.

जबड्याची हालचाल आणि बोटांचा कंप डॉक्टरांना सांगायचा आहे. झटक्यांसाठी देतात ती गोळी बहुतेक वाढवतील.

१२ ऑक्टोबर

गोळी वाढवली. परवा दोन्ही लक्षणं मी डॉक्टरांना स्वतः करून दाखवली, जबडाही आणि बोटंही. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी विचारणार होते, मग चिठ्ठी लिहिली.

सूप दिलं त्या दुपारपासून ताईला एकदाही हसू आलेलं नाही. जबडा हलला नाही, बोटंही नाहीत. मी जेवण द्यायला बसले की ती तोंड भिंतीकडे करते आणि संपेपर्यंत तशीच राहते. अगदी शांत असते.

निदान एवढं तरी मला तिच्यासाठी करता आलं.